भा. रा. भागवत : इंदूरने दिलेला बालमित्र

मराठी बालसाहित्याच्या इतिहासात पुण्यामुंबईची नावे प्रथम येतात. परंतु त्यातील एका मानाच्या पानाचा प्रारंभ इंदुरात झाला, याचे विस्मरण होऊ नये. भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म १९१० साली इंदूर येथे झाला.

मुलांसाठी लिहिणे म्हणजे उपदेश करणे, ही समजूत त्यांनी मोडीत काढली. ‘बालमित्र’ मासिक चालविले. ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठी वेषात आणल्या. ॲलिसची ‘जाई’ केली. त्यांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे पुण्यात शिकतो, सायकल दामटतो आणि काश्मीरपर्यंत पराक्रम गाजवतो. अवघा देश अंगण मानणारा हा मराठी मुलगा बृहन्महाराष्ट्रातील वाचकाला आपला वाटावा, यात नवल नाही.

भागवत २००१ मध्ये निवर्तले; २०१७ मध्ये फेणे चित्रपटात अवतरला. तथापि पडद्यावरची ओळख म्हणजे वाचन नव्हे. आमच्या घरांतील मुले मराठी बोलतात. देवनागरी वाचतात ती मात्र बहुधा हिंदीसाठी. त्यांना मराठी पुस्तकाकडे खेचून आणण्याचे सामर्थ्य भागवतांच्या लेखणीत आहे. म्हणून शताब्दी साजरी करणाऱ्या या ग्रंथालयाने त्यांचे कपाट कुलूपबंद ठेवू नये. पुस्तके हाताळून झिजली, तर खुशाल झिजू द्यावीत.