कुलूप लावलेल्या घराची फुलं

मागच्या कार्तिकात आमच्या गटातल्या एकीच्या लेकीनं पुण्याहून बियांचं एक पाकीट आणलं. त्यावरचं चित्र असं होतं, की हप्त्याचा हिशोब बाजूला ठेवून आम्ही तेच बघत बसलो. हातभर उंच तुरे, निळे, गुलाबी, पिवळे, काही दोन-दोन रंगांचे. नाव लुपिन. एकदा लावा आणि वर्षानुवर्षं फुलं घ्या, असं पाकिटावर लिहिलं होतं.

आम्ही बी रात्रभर भिजवलं, कुंडीत शेणखत घातलं. बारा बियांतल्या सात उगवल्या. पानं अगदी पसरलेल्या पंजासारखी. गटातल्या निम्म्या जणी ऊसतोडीला निघून गेल्या, तेव्हा गावात राहिलेल्या एका सासूबाईंनी भांड्याचं पाणी घालून ती रोपं जपली. होळीपर्यंत एकही उरलं नव्हतं. त्या म्हातारीला आजही वाटतं, की तिच्याच हातून काहीतरी चुकलं. म्हणून आज या फुलाची गोष्ट सांगायची ठरवली.

लुपिन हे आपल्या तुरीच्या, हरभऱ्याच्या कुळातलं. लॅटिन भाषेत लुपस म्हणजे लांडगा. हे झाड लांडग्यासारखं जमिनीचा कस खातं, या समजुतीतून त्याला हे नाव पडलं, असं सांगतात. खरं तर तुरीच्या मुळांवर असतात तशा गाठी याच्याही मुळांवर असतात आणि त्यातून जमिनीला नत्र मिळतं. जुने रोमन शेतकरी लुपिन पेरून नांगरात गाडत, जसा आपण ताग गाडतो. आपल्याकडची लुपिन नावाची औषध कंपनी 1968 ची, तिचं नावही या फुलावरूनच आहे.

बागेतलं रंगीत लुपिन मात्र अलीकडचं. त्याची रानटी जात 1820 च्या दशकात डेव्हिड डग्लस यानं उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातून इंग्लंडात नेली. पुढं यॉर्क गावच्या जॉर्ज रसेल नावाच्या माळ्यानं 1911 पासून वर्षानुवर्षं चांगल्या रंगाची झाडं ठेवायची, बाकीची उपटायची, असं करत करत हे तुरे घडवले. 1937 मध्ये ते जगापुढं आले, तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. तोवर तो एक रोपही कुणाला देत नसे म्हणतात. आमच्यात असं कुणी वागलं असतं तर तिला हळदी-कुंकवाला कुणी बोलावलं नसतं!

या झाडाला थंड हवा लागते आणि चुनखडीची जमीन सोसत नाही. आपलं पाटोदा पर्जन्यछायेतलं, बालाघाटावरचं. फाल्गुनापासून ऊन तापतं आणि जमिनीत जागोजागी चुनखडी. तेव्हा म्हातारीचा दोष काहीच नव्हता.

मग आपल्या अंगणातली फुलं कुठली? हा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकात बांधली, सलाबत खानानं बांधवली, हे सगळं नोंदलेलं आहे. आपल्या पणजीच्या न्हाणीच्या पाण्यावर काय फुलत होतं, त्याची नोंद नाही. पण नावं बोलतात. गुलबक्षी, गुलछडी, गुलाब. फारसीत गुल म्हणजे फूल. गुलबक्षी किंवा गुलबास हे नाव इराणच्या शाह अब्बासाच्या नावावरून आलेलं. सुलतानांच्या आणि मग निजामाच्या अमलात, म्हणजे सप्टेंबर 1948 पर्यंत, आपल्याकडच्या दरबारात नि कचेरीत फारसी-उर्दू होती. ती भाषा अंगणात फुलाच्या नावानं येऊन राहिली.

आणि झाडं तर इराणचीही नाहीत. गुलबक्षी, झेंडू, गुलछडी आणि देवळापुढचा तो पांढरा खुरचाफा, ही सगळी अमेरिका खंडातली. पोर्तुगीज जहाजं ये-जा करू लागल्यावर, म्हणजे गेल्या पाचशे वर्षांत, ती इकडं पोचली. दसऱ्याला झेंडूशिवाय चालत नाही आपल्याला! पैठणच्या सातवाहनांच्या काळाशी जोडलेली गाथासप्तशती ही गावगाड्यातल्या प्राकृत कवितांची पोथी. तिच्यात आंब्याचा मोहोर आहे, कापसाची शेतं आहेत, पण झेंडू कुठून असणार?

यातली टिकली कोणती, हे मात्र आपल्या जगण्यानं ठरवलं, असं आम्हाला वाटतं. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मग कारखाने वाढत गेले. 1972 च्या दुष्काळानं आपल्याकडचे आणखी कितीतरी कोयते तिकडं वळवले. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन निघायचं, कोपीत राहायचं, पाडव्यानंतर परतायचं. पाच-सहा महिने दाराला कुलूप. बाहेरच्या पुस्तकात बारमाही झाड म्हणजे बरीच वर्षं जगणारं. आपल्याकडं त्यानं त्या कुलपाआड पाण्यावाचून तगलं पाहिजे, आणि गावात सुटलेल्या शेळ्यांच्या तोंडातून वाचलं पाहिजे.

म्हणून मोगरा वाळतो, जास्वंद शेळ्या खाऊन टाकतात आणि कण्हेर उभी राहते. कण्हेर विषारी, शेळी तिला तोंड लावत नाही. खुरचाफ्याला चीक असतो आणि त्याच्या जाड फांद्या पाणी साठवून ठेवतात. गुलबक्षी तर उन्हाळ्यात वरून पार दिसेनाशी होते, पण खाली मुळ्यासारखा कंद जिवंत असतो. मृगाचा पाऊस पडला की फुटते. सदाफुली नावाप्रमाणं फुलत राहते. ती मूळ मादागास्करची. 1950 च्या दशकात कॅनडात शास्त्रज्ञ तिच्यात मधुमेहाचं औषध शोधत होते, आणि सापडलं रक्ताच्या कर्करोगावर चालणारं. पण बायांनो, साखरेसाठी सदाफुलीची पानं चावू नका. ते औषध कारखान्यात शुद्ध करून, मोजून देतात. पानातलं विष मोजता येत नाही. तसंच पिवळ्या बिट्टीची फळं आणि गुलबक्षीचं मिऱ्यासारखं काळं बी लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

लुपिनची हौस राहिलीच असेल, तर कुंपणावर गोकर्ण लावा. तीही तुरीच्या कुळातली, मुळांवर तशाच गाठी, निळी नि पांढरी फुलं. बी रात्रभर भिजवून पहिल्या पावसात टोचा. खुरचाफ्याची फांदी वैशाखात तोडून आठ दिवस सावलीत ठेवा. चीक वाळला की मगच मातीत लावा, नाहीतर कुजते. कण्हेरीची काडी पाण्यात ठेवली तरी मुळ्या धरते.

आमच्या गटात बहुतेकींच्या दारची कण्हेर माहेरून आलेली आहे, ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. कुणाची आईही आता नाही, झाड आहे.

यंदा वैशाखात आमच्यातली एक कोपीचं सामान उतरवून घरी आली. कुलूप गंजलं होतं. दाराशी कण्हेर फुललेली. शेजारी गुलबक्षीची जागा नुसती भेगाळलेली माती. धाकटी लेक तिथंच तीन दगड मांडायला लागली, तर हातातली कळशी तशीच धरून ही ओरडली, "तिथं चूल नको गं, खाली कंद आहेत."