करवती काठाची ऐट आणि रंगांधळी नजर

रंगांधळ्या माणसाला कपड्यांतली ऐट साधत नाही, असे सर्रास मानले जाते. ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, तो कशावर काय घालणार, असा त्यामागचा हिशेब. देखणा पोशाख म्हणजे रंगांची जुळवाजुळव, हे त्यात न बोलता धरून चाललेले असते. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, विणकामाचा इतिहास पाहिला, की हे गृहीत डळमळते. 1982 साली गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यात होता. येथे मानाने नेसल्या गेलेल्या करवती लुगड्याची शोभा रंगछटेपेक्षा पोत, उजळ-गडदाचा विरोध आणि काठाची रेघ यांवर उभी राहिली. रंग ओळखण्यात कमी पडणाऱ्या डोळ्यालाही या तिन्ही गोष्टी दिसतात.

आधी माल पाहू. आरमोरीच्या भागातले ढिवर ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पोसतात आणि पाखरे-मुंग्यांपासून त्यांची राखण करतात. कोसे शिजवून बायका मांडीवर धागा वळत आल्या. तो कुठे जाड, कुठे बारीक निघतो, म्हणून कापडाला खरखरीत जिवंतपणा येतो. मूळ रंग मधासारखा किंवा तांबूस तपकिरी. नागभीडसारख्या गावांतल्या मागांवर लुगड्याचे अंग याच नैसर्गिक रंगात ठेवले जाई आणि काठ गडद रंगाचा घेतला जाई. खरी कसोटी दोहोंच्या सांध्यावर असते. त्यासाठी तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. अंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, काही फेकींना काठाकडे पुढे सरकतो, पुढच्या फेकींना मागे येतो आणि प्रत्येक वळणावर काठाच्या बाण्यात गुंततो. यातून करवतीचे दाते उमटतात. एक फेक चुकली तर दाता बोथट होतो. या करवत काठी वस्त्राला आज भौगोलिक मानांकन आहे आणि त्याची ओळख या दात्यांवरच आहे.

आता डोळ्याकडे वळू. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टनने 1794 मध्ये स्वतःच्या रंगदृष्टीवर निबंध वाचला आणि या विषयाचा शास्त्रीय अभ्यास रुजला. इतरांना लाल दिसणारा रंग त्याला जवळजवळ सावलीसारखा वाटे. त्याचे डोळे मृत्यूनंतर जपून ठेवले होते. 1995 मध्ये त्यांतील जनुके तपासली, तेव्हा मध्यम लांबीच्या प्रकाशलहरी टिपणारे रंगद्रव्य त्याच्या डोळ्यांत नव्हते असे निष्पन्न झाले. लाल-हिरव्याची अडचण ठरवणारी जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने ती पुरुषांत कितीतरी जास्त आढळते. मात्र अशा बहुतेकांची उजळ-गडद ओळखण्याची आणि निळे-पिवळे वेगळे करण्याची शक्ती शाबूत असते. मधाळ अंगावरचा काळपट काठ त्यांना स्पष्ट दिसतो, त्याचे दातेही दिसतात, आणि पोत तर बोटांनाही कळतो. काठ किरमिजी की गडद हिरवा, एवढेच कदाचित विचारावे लागेल.

यावर पहिला आक्षेप असा, की हा सौंदर्यविचार नव्हता, नाइलाज होता. रंग परवडत नव्हते म्हणून अंग कोरे राहिले. त्यात थोडे तथ्य आहे. कोशाचा स्वतःचा तपकिरीपणा फिकट छटा झाकोळून टाकतो. पण पळसाच्या फुलांचा पिवळा आणि लाखेचा लाल हे रंग याच रानात मिळत होते. शिवाय ज्याला फक्त काटकसर करायची आहे, तो तिसऱ्या धोट्याचा आणि सांधा गुंतवण्याचा व्याप कशाला करील? कष्ट जिथे ओतले जातात, तिथेच समाजाची आवडनिवड कळते. येथे ते काठाच्या रेघेवर ओतले गेले. गोंड-माडिया बायकांच्या अंगावरचे गोंदणही गडद रेषांची नक्षीच आहे. पुढे 1936 साली सावली येथे गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले, तेव्हा हा परिसर खादीच्या कामाचे केंद्र होता, आणि त्या चळवळीने पांढऱ्या जाड्याभरड्या कापडालाही मान मिळवून दिला.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. हिरवा चुडा, हळद, कुंकू, माडियांच्या रंगीत मण्यांच्या माळा यांचे काय? रंगाला येथे अर्थ आहेच, तो नाकारून चालणार नाही. पण हिरवा चुडा लग्नात भरतात तो रीत म्हणून. रीत आधीच सर्वांना ठाऊक असते आणि रंगाचे नाव कुणीही सांगते. छटा पारखण्याची खरी गरज सूत रंगवणाऱ्याला पडते. 1875 मध्ये स्वीडनमध्ये झालेल्या रेल्वे अपघातानंतर शरीरक्रियाशास्त्रज्ञ होल्मग्रेनने रंगांधळेपणाची चाचणी रूढ केली, ती लोकरीच्या रंगीत लडी जुळवण्याची होती. लडी निवडण्यात रंगांधळा माणूस अडतो, हे मान्यच. नेसणाऱ्याची आणि घालणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला पोत, उंची, बसणी आणि विरोध यांवर आपला पोशाख उभा करता येतो.

म्हणूनच आजच्या बाजाराची चिंता वाटते. यंत्रमागावरची नक्कल काठाचा रंग हुबेहूब उतरवते, पण धागे गुंतवलेला सांधा तिच्यात नसतो. कापड केवळ रंगावरून निवडणारा डोळस गिऱ्हाईक तिथे सहज फसतो. रंगांधळा माणूस मात्र पोत चाचपून आणि दाते न्याहाळून घेईल, आणि या जिल्ह्यांच्या कारागिरीची पारख करायची तर ती अशीच करायला हवी. विक्री केंद्रांनी प्रत्येक वस्त्रावर काठाच्या रंगाचे नाव आणि विणण्याची पद्धत, दोन्ही छापावीत. त्याने रंग न कळणाऱ्याची सोय होईल आणि तीन धोटे चालवणाऱ्या हातांना त्यांचे श्रेय मिळेल.