बोगद्यातील वायुवीजन चाचणी

वायुवीजन चाचणी ही भूमिगत बोगद्याभोवतीच्या खडकातून आत येणारे पाणी, बोगद्यात खेळवलेल्या हवेतील बाष्पावरून मोजण्याची भूजलशास्त्रातील पद्धत आहे. झिरपा अतिशय मंद असल्यास थेंब जमण्यापूर्वीच पाण्याची वाफ होते. त्यामुळे भिंत कोरडी दिसली, तरी खडकातून पाणी येत नाही असे म्हणता येत नाही.

पद्धत

बोगद्याचा ठरावीक भाग आडभिंतीने बंद करून त्यात नियंत्रित तापमानाची हवा सोडतात. आत जाणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या हवेचा प्रवाह आणि आर्द्रता सतत नोंदवतात. उदा., दर सेकंदाला १ घनमीटर हवा वाहत असेल आणि प्रत्येक घनमीटरमागे २ ग्रॅम बाष्प वाढत असेल, तर दिवसाला सुमारे १७३ लिटर पाणी हवेबरोबर बाहेर जाते. तळाशी साचलेले पाणी स्वतंत्रपणे मोजून त्यात मिळवतात. भोवतीच्या खडकात छिद्रे घेऊन पाण्याचा दाब मोजला जातो. झिरपा व दाबातील उतार यांवरून डार्सीच्या नियमाने खडकाची जलवाहकता काढतात.

मर्यादा

सुरुवातीच्या बाष्पात खडकाच्या पृष्ठभागाजवळ साठलेल्या पाण्याचाही वाटा असतो, म्हणून आकडे स्थिरावेपर्यंत थांबावे लागते. हवा फार कोरडी असल्यास भिंतीलगतचा खडक सुकतो आणि त्याची पाणी वाहून नेण्याची क्षमता घटते.

स्ट्रिपा येथील प्रयोग

स्वीडनमधील स्ट्रिपा या बंद पडलेल्या लोहखाणीत १९७७ पासून स्वीडन व अमेरिका यांनी संयुक्त संशोधन केले. किरणोत्सारी कचरा खोल ग्रॅनाइटमध्ये सुरक्षित राहील का, हा त्यामागील प्रश्न होता. ३३ मीटर लांबीच्या बोगद्यात घेतलेल्या या चाचणीत जलवाहकता सेकंदाला मीटरच्या हजार कोटीव्या भागाच्या आसपास आढळली.

दख्खनच्या पठारावरील संदर्भ

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गंगापूर तालुका दख्खनच्या बेसाल्टवर वसला आहे. या खडकात पाणी सर्वत्र सारखे वाहत नाही. अखंड कातळ जवळपास अभेद्य असतो, तर भेगा, मांजऱ्या खडक आणि दोन लाव्हाथरांमधील सांधे यांतून पाणी सरकते. त्यामुळे अशा खडकात संपूर्ण बोगद्याची एकच सरासरी दिशाभूल करू शकते आणि टप्प्याटप्प्याने मोजणी करणे इष्ट ठरते. याच जिल्ह्यातील वेरूळची लेणीही बेसाल्टमध्ये कोरलेली आहेत. ती बाहेरच्या हवेला खुली असल्याने तेथे ही चाचणी जशीच्या तशी घेता येत नाही. मात्र कोरड्या दिसणाऱ्या दगडातूनही पाणी उडून जात असू शकते आणि त्यातील क्षार मागे राहून दगडाची झीज करतात, ही बाब लेण्यांच्या जतनासाठी महत्त्वाची आहे.