आधी भरीत, मग अजिंठा

डिसेंबर १९३६. पाचोऱ्याला मुंबईची मोठी गाडी सोडून तुम्ही जामनेरच्या छोट्या गाडीत बसला आहात. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. पहिलं महायुद्ध संपता संपता ही लाइन झाली, आणि लोक तिला ‘पीजे’ म्हणतात. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी मागे पडतात. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि फुटलेली कपाशी. वेचणाऱ्या बायांनी ओट्या भरल्यात, त्यामुळे गाडीकडे मान वळवून बघायला कुणाला सवड नाही.

डब्यात एकच विषय आहे: फैजपूर. महिनाअखेरीला तिथं काँग्रेसचं अधिवेशन भरणार आहे. खेड्यात भरणारं हे पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. मंडपाच्या सजावटीला शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आलेत. पंचवीसेक वर्षांपूर्वी लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर अजिंठ्यात बसून भित्तिचित्रांच्या प्रती काढणाऱ्या तरुणांमधले ते एक. शेजारचे पागोटेवाले बाबा मात्र गांधीजी कोणत्या रस्त्यानं येतील एवढंच पुन्हा पुन्हा विचारताहेत.

पहूर. उतरा.

लेणी बघायला निघालेले लोक इथं थांबत नाहीत. स्टेशनाबाहेर टांगा किंवा मोटार पकडून ते वाकोदवरून फर्दापूर गाठतात. दहाबारा मैलांचा रस्ता. वाटेत इंग्रजी मुलूख संपतो आणि निजामाचा सुरू होतो. इकडचे लोक त्याला मोगलाई म्हणतात. तिथं नाणंसुद्धा वेगळं, हाली रुपया. प्रवाशांचं सगळं लक्ष पुढं लागलेलं असतं आणि पहूर त्यांच्या वहीत ‘गाडी बदलण्याचं ठिकाण’ एवढंच उरतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. तुम्ही तरी तसं करू नका. लेणी दोन हजार वर्षं तिथंच आहेत, ती उद्याही असतील. भरिताचे दिवस मात्र मोजके असतात.

खानावळीची पाटी शोधत फिरू नका. पेठ आणि कसबे अशा दोन वस्त्यांचं हे वाघूरकाठचं गाव. अजिंठ्याच्या लेण्यांखालच्या दरीतून येते तीच ही वाघूर. इथलं खरं जेवण घरात नाहीतर मळ्यात. डब्यातले बाबा तुमच्याआधी उतरलेत आणि तुमची पिशवी बघून थबकलेत.

“पाव्हनं, कुठं चालले? अजिंठा? जेवल्याबिगर? चला मयात, भरीत हाये आज.”

नाही म्हणू नका. चला.

मळ्यात गेल्या सालच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला आहे. कापूस वेचून झाला की उपटलेली ही झाडं वर्षभर जळण म्हणून पुरतात, आणि भरिताला दुसरं जळण इथं कुणी मनावर घेत नाही. पऱ्हाटीचा जाळ भसकन उठतो, लवकर बसतो आणि खाली लाल निखारा ठेवून जातो. वांगं आधी त्या जाळात आणि मग त्या निखाऱ्यावर. वांगीही नीट बघून घ्या: हिरवी, अंगावर पांढरट रेघा, हातात धरली तर पंजा भरून उरतील एवढी. बी कमी, गर भरपूर. जांभळ्या वांग्याचं भरीत या लोकांना भरीत वाटतच नाही, आणि आज जेवल्यावर तुम्हालाही वाटणार नाही.

वांग्यांना तेलाचा हात लावलाय, काडीनं टोचलंय. साल काळी पडून फुटते, आतून वाफ सुटते, धुराचा वास गरात उतरतो. भाजलेली वांगी थोडा वेळ झाकून ठेवतात, मग साल काढून लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचतात. गर तुटला पाहिजे, पण त्याची पेज होता कामा नये. बाई हात कधी थांबवते तेवढं बघा, सगळी कला तिथं आहे. हिरव्या मिरच्या आणि लसूण त्यातच ठेचले जातात. कढईत तेल सढळ. त्यात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मग वांगं, वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. धुराची चव झाकेल असं काहीही नाही.

आता पान पुढं येतं. केळीचं, अर्थात, खानदेशात दुसरं कुठलं येणार? आजी भाकर वाढते. “कयन्याची हाये. कुस्करू नका, भरिताबरोबर खा.” कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद, मीठ घालून एकत्र दळलेले. भाकरी करडी दिसते, खरपूस लागते, आणि तिखट भरिताला तिचा उडदाचा चिकटपणा सांभाळून घेतो. सोबत मुळा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा.

पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येईल. येऊ द्या. आणि खाता खाता बांधापलीकडे नजर टाका. उडीद पोळा-गणपतीच्या सुमारास निघाला, भुईमूग त्यानंतर, ज्वारी आत्ता खळ्यावर आलीय, वांगं आज सकाळी तोडलंय, जळण कपाशीचं. या पानावर मीठ, तेल आणि खोबरं सोडलं तर जवळपास सगळं याच शिवाराचं आहे. म्हणूनच मी तुम्हाला मुंबईच्या कुणा खानदेशी घरी न नेता इथं आणलं. ही चव शेतापासून लांब गेली की निम्मी होते, असं माझं ठाम मत आहे.

संध्याकाळपर्यंत थांबलात तर गावातल्या पंगतीत वरण-बट्टी मिळेल: तुपात भिजलेली बट्टी, तुरीचं वरण, घोटलेल्या वांग्यांची भाजी. खापरावरच्या पुरणपोळ्या हव्या असतील तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला या. निघताना आजी ज्वारीचे बिबडे बांधून देईल. पैसे काढू नका, तिला ते आवडणार नाही.

आता पुन्हा तुमच्या काळात. पीजे २०२० साली थांबली. मोगलाई १९४८ साली संपली आणि पुढं काही वर्षांत हाली नाणंही चलनातून गेलं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अजिंठ्याच्या गाड्या आजही पहूरवरून पुढं धावतात. हमरस्त्यावरच्या ढाब्यांत शेवभाजी मिळते, लाल तर्रीची, आणि ती जरूर खा. पण डिसेंबर ते फेब्रुवारीत जाणार असाल तर भरीत विचारा. वांगं हिरवं आहे का आणि पऱ्हाटीवर भाजलंय की गॅसवर, हे दोन्ही विचारा. गॅस म्हणाले तर ओळखीच्या कुणाचा मळा आहे का, याची चौकशी करा. जळगाव जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत अजून मळ्यामळ्यात भरीत पार्ट्या होतात, आणि पाहुण्याला पान मांडायला तिथं कुणी कुरकुरत नाही.