बंद घटातलं पाणी आणि समीकरणं

इंधनघट जन्माला आला तो संगणकावाचूनच. विल्यम ग्रोव्हने १८४२ साली हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज देणारी ‘गॅस बॅटरी’ मांडली. फ्रान्सिस बेकनने १९५९ मध्ये पाच किलोवॅटचा संच चालवून दाखवला आणि त्याच धर्तीच्या घटांनी अपोलो यानांना वीज पुरवली. मग संगणकावरच्या सिम्युलेशनने वेगळं काय दिलं, हा आक्षेप रास्तच आहे. पण अपोलोत शुद्ध ऑक्सिजन होता आणि खर्चाची फिकीर नव्हती. हवेवर चालणाऱ्या, परवडणाऱ्या घटाचं घोडं पाण्यापाशी अडत होतं. अशा घटात प्रोटॉन वाहून नेणारा पॉलिमरचा पडदा कोरडा पडला की प्रोटॉनची वाट अडते, पाणी साचलं की ऑक्सिजनची. आणि बंद घटात यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही.

१९९१ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या स्प्रिंगर, झावोझिन्स्की आणि गॉट्सफेल्ड यांनी हे पाणी समीकरणांत पकडलं. प्रारूप एकमितीय, स्थिर अवस्थेचं, सगळीकडे एकच तापमान धरणारं. आजच्या मानाने फार साधं. प्रोटॉन कॅथोडकडे जाताना पाणी ओढून नेतात, तिथे साठलेलं पाणी उलटं झिरपतं. या ओढाताणीचा हिशेब केला, तर दर प्रोटॉनमागे पाण्याचा निव्वळ ०.२ रेणूच पुढे सरकतो, असं उत्तर आलं. पूर्ण भिजलेल्या पडद्यावर मोजलेल्या ओढीपेक्षा कितीतरी कमी. प्रवाह वाढला की पडद्याचा रोध वाढतो आणि पातळ पडदा तो आटोक्यात ठेवतो, हेही त्यातून निघालं. समीकरणांत मोजमापंच भरलेली, मग नवं काय कळणार, असं कुणी म्हणेल. पण मोजमापं सुट्या पडद्याची होती. चालत्या घटात काय होईल हे हिशेबाने सांगितलं, आणि रोधाबद्दलचं भाकीत प्रयोगातही उतरलं.