अडकणाऱ्या बंदुकीची बाजू

‘फार क्राय २’ हा गेम ऑक्टोबर २००८ मध्ये आला. दीड दशक उलटून गेलं, तरी त्याच्यावरून होणारी भांडणं थांबलेली नाहीत. एका गटाच्या मते हा आजवरचा सर्वांत धाडसी ओपन-वर्ल्ड शूटर आहे. दुसऱ्या गटाच्या मते तो निव्वळ डोक्याला ताप आहे. ऐन लढाईत बंदूक अडकते, आपल्यालाच मलेरिया होतो आणि मघाशी साफ केलेल्या नाक्यावर परत येताना नवे लोक बंदुका रोखून उभे असतात. गंमत म्हणजे गेम का आवडला आणि का आवडला नाही, हे सांगताना दोन्ही गट हीच यादी वाचतात.

मी हा गेम अलीकडे पुन्हा पहिल्यापासून खेळलो. जुन्या दिवसांची आठवण हे त्याचं कारण नव्हतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ॲप वापरणाऱ्याच्या वाटेतला प्रत्येक खडा वेचून काढणं, हे माझं रोजचं काम. एक क्लिक कमी करा, एक स्क्रीन कमी करा, दोन सेकंद वाचवा. असं काम करणाऱ्याला मुद्दाम खडे पेरणारा गेम खुणावतोच. ते कुणी पेरले, का पेरले आणि पुढे त्यांचं काय झालं, हा इतिहास मला गेमच्या कथेइतकाच रंजक वाटतो.

नाव तेच, गेम वेगळा

पहिला ‘फार क्राय’ २००४ मध्ये आला. तो जर्मनीतल्या क्रायटेक या कंपनीने बनवला होता. निळाशार समुद्र, हिरवी बेटं, आणि शत्रूच्या छावणीत कुठल्या बाजूने शिरायचं हे बऱ्याच अंशी आपल्या हातात. पुढे क्रायटेक ‘क्रायसिस’कडे वळली आणि ‘फार क्राय’ हे नाव युबिसॉफ्टकडे राहिलं. दुसरा भाग युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने केला. त्याचा क्रिएटिव्ह डिरेक्टर होता क्लिंट हॉकिंग. त्याआधी २००५ मधल्या ‘स्प्लिंटर सेल: केऑस थिअरी’चं दिग्दर्शन त्याने केलं होतं.

या दोन गेमच्या मधे, २००७ मध्ये, हॉकिंगने ‘बायोशॉक’वर एक टीकालेख लिहिला आणि त्यात ‘ल्यूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ असा तोंडात न बसणारा शब्द जन्माला घातला. अर्थ मात्र सोपा आहे: गेमची कथा एक सांगते आणि तो खेळताना हाताला वेगळंच काहीतरी शिकायला मिळतं. कथा म्हणते ‘दया कर’ आणि गेम बक्षीस देतो खुनांना. असा आक्षेप दुसऱ्यांवर घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या गेममध्ये कथा आणि खेळ एकाच दिशेला न्यावे लागणार, हे उघड होतं.

‘फार क्राय २’ची कथा अशी: आफ्रिकेतला एक बेनाव देश, तिथे चाललेलं यादवी युद्ध, यूएफएलएल आणि एपीआर या दोन टोळ्या, आणि दोघांनाही शस्त्रं पुरवणारा ‘जॅकल’ नावाचा व्यापारी. आपण भाडोत्री सैनिक. काम एकच, जॅकलला मारायचं. गेम सुरू होतो टॅक्सीच्या लांबलचक प्रवासाने. आपण हॉटेलात पोचतो ते मलेरियाने कोसळतच. डोळे उघडतात तर उशाशी खुद्द जॅकल बसलेला. ज्याला मारायला आलो, तोच आपल्याला जिवंत सोडून निघून जातो. आपला प्लॅन पहिल्या काही मिनिटांतच मोडलेला असतो, आणि पुढचा अख्खा गेम याच एका गोष्टीची वेगवेगळी रूपं दाखवतो.

यादी

भांडणाचं मूळ असलेली ती यादी एकदा नीट पाहू.

बंदुका झिजतात. वापरता वापरता त्यांच्यावर गंज दिसू लागतो, मग त्या अडकतात, शेवटी फुटतात. मेलेल्या शत्रूची बंदूक उचलली, तर ती आधीच खराब असते. चांगली हवी तर हिरे मिळवा आणि शस्त्रांच्या दुकानातून विकत घ्या.

नकाशा पाहायला गेम थांबत नाही. आपलं पात्र खरोखरचा कागदी नकाशा हातात धरतं, आणि तो पाहत असताना गाडी झाडावर आदळू शकते, गोळीही लागू शकते. लांब जायचं तर मोजक्या ठिकाणांहून सुटणारी बस. बाकी वाट स्वतः तुडवायची.

जखम भरायची तर आपलं पात्र चिमट्याने गोळी उपसतं किंवा निखळलेलं हाड जागेवर बसवतं, आणि तोवर शत्रू थांबत नाहीत. आग गवतावरून पसरते, वारा वळेल तशी वळते. मलेरियाचा झटका मधूनच येतो. गोळ्या संपल्या की त्या मिळवायची कामगिरी. आणि शेवटी ते नाके: रस्त्यांवरच्या चौक्या, जिथले पहारेकरी आपण थोडे लांब गेलो की पुन्हा हजर.

प्लॅन मोडण्याचा प्लॅन

२००९ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये हॉकिंगने या सगळ्यावर भाषण दिलं. शीर्षकातच ‘फॉल्ट टॉलरन्स’ हा शब्द होता. आमच्या क्षेत्रात हा रोजचा शब्द आहे: एखादा भाग बंद पडला तरी सगळी यंत्रणा कोसळू नये, अशी तजवीज. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खेळाडू आधी योजना आखतो, मग ती अमलात आणतो. ती पूर्ण फसली तर तो जुना सेव्ह उघडून पुन्हा सुरुवात करतो. पण अपयश लहान असेल, बंदूक अडकण्याएवढं, तर तो मरत नाही आणि मागेही जात नाही. त्याला तिथल्या तिथे, गोळ्या चालू असताना, नवी योजना करावी लागते.

माझ्या या खेपेतलं एक उदाहरण सांगतो. नदीकाठची छावणी होती. मी टेकडीवरून लांब पल्ल्याच्या रायफलने दोघांना टिपलं आणि तिसऱ्याच्या वेळी रायफल अडकली. ती झटकत बसलो तोवर त्यांना माझी जागा कळली. ग्रेनेड फेकला, त्याने वाळलं गवत पेटलं, आणि वारा माझ्याच दिशेने. खाली पळालो, तर अंगात पिस्तुलाशिवाय काही उरलेलं नाही. गोळी लागून पडलो तेव्हा फ्रँक बिल्डर्स नावाचा दोस्त धावत आला आणि मला फरपटत बाजूला घेऊन गेला. उरलेल्यांशी आम्ही दोघं मिळून लढलो. मग पाहतो तर फ्रँकच आडवा. आता मी त्याच्यापाशी मॉर्फिन घेऊन गुडघ्यावर बसलेला. एका इंजेक्शनने भागलं तर तो उठतो. नाही भागलं, तर त्याला आणखी देत राहायचं, गोळी घालायची की सोडून जायचं, हे आपणच ठरवायचं. गेलेला दोस्त परत येत नाही.

हा प्रसंग कुठल्याही लेखकाने लिहिलेला नव्हता. रायफल अडकली नसती, तर तिसरा माणूस पडला असता, छावणी साफ झाली असती आणि आज मला त्यातलं काही आठवलं नसतं. २००९ मध्ये बेन अब्राहम या ऑस्ट्रेलियन लेखकाने एकच जीव मानून हा गेम खेळला, मेला की संपलं या अटीवर, आणि त्याची सविस्तर हकिगत लिहून काढली. हकिगत लिहिण्यासारखं घडतं, कारण या गेममध्ये गोष्टी बिघडतात.

त्या काळाची हवा

अशी कल्पना सुचलेला हा एकटाच गेम नव्हता. १९९९ च्या ‘सिस्टम शॉक २’मध्ये बंदुका झिजून बंद पडायच्या आणि तेव्हाही लोक वैतागले होते. मार्च २००७ मध्ये कीव्हच्या जीएससी गेम वर्ल्डने ‘स्टॉकर: शॅडो ऑफ चेर्नोबिल’ आणला. त्यात बंदूक झिजायची आणि दुरुस्त करून घ्यायची सोयच नव्हती, शिवाय पाठीवरचं ओझं वाढलं की दम लागायचा. ‘फार क्राय २’च्याच महिन्यात ‘फॉलआउट ३’ आला. त्यातही झिजणारी शस्त्रं होती. (त्याची एक्सबॉक्स आवृत्ती सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन भारतात आणलीच गेली नाही, हा वेगळा किस्सा.) मोठं खुलं जग उभं करण्याची ताकद संगणकात नुकती आली होती. त्या जगात खेळाडू उपरा असावा की मालक, याचं उत्तर अजून ठरलेलं नव्हतं.

सगळे खडे सारखे नसतात

आता विरोधकांची बाजू. या खेपेला यादीतल्या एकेका गोष्टीला मी एकच प्रश्न विचारला: ही आडवी आली, की मला नवा निर्णय घ्यावा लागतो, की फक्त वेळ जातो?

बंदूक अडकते: निर्णय. आग वळते: निर्णय. नकाशा पाहताना जग थांबत नाही: आत्ता पाहू की आधी आडोसा शोधू, हाही निर्णय.

मलेरिया मधे कुठेतरी बसतो. झटका आला की बटण दाबून गोळी घ्यायची, यात ठरवण्यासारखं काही नाही. पण गोळ्या मिळतात त्या लपून राहणाऱ्या निर्वासितांकडून, त्यांना देशाबाहेर पडण्याची कागदपत्रं पोचवली की. गेमच्या बहुतेक भागात आपण सामान्य माणसांच्या कामी येतो ते इथेच, आणि तेही स्वतःच्या आजारापायी. भाडोत्री माणसाच्या चांगुलपणाबद्दल गेम यातून जे सांगतो, ते मला कुठल्याही संवादापेक्षा खरं वाटलं.

नाक्यांची वकिली मात्र मला करता येत नाही. चाहते म्हणतात, युद्ध संपत नाही हेच तर यातून दाखवायचं आहे. पटतं, पण पहिल्या दोन-तीन वेळांपुरतंच. विसाव्या वेळी त्याच वळणावर तीच जीप मागे लागते, तेव्हा अर्थ संपलेला असतो आणि कंटाळा उरतो. बंदूक अडकते तेव्हा जग माझ्या कृतीला उत्तर देत असतं: मी ती जास्त वापरली, म्हणून ती अडकली. नाका पुन्हा भरतो, तेव्हा मी काही केलं होतं हेच जग विसरून जातं.

मोठा दोष आणखी एक आहे. हा ‘देश’ कुठलाच देश नाही. गेमवर जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ची छाया आहे, आणि त्या कादंबरीवर चिनुआ अचेबे यांनी १९७५ मध्ये घेतलेला आक्षेप गेमलाही लागू होतो: आफ्रिका ही बाहेरच्या माणसाच्या अधःपतनाची पार्श्वभूमी, तिथल्या माणसांचं घर नव्हे. रस्त्यांवर सैनिकांशिवाय जवळपास कुणी नाही. मलेरियाही दिसतो तो आपल्या पात्राचा. रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधला तो सिकंदराबादेत, आणि गडचिरोलीत हिवताप हा आजही रोजचा प्रश्न आहे. मलेरिया म्हणजे उन्हात डोळ्यांपुढे धुरकट दिसणं एवढंच नसतं, तो अख्ख्या वस्तीला होतो, हे आपल्याला कुणी सांगायला लागत नाही.

केर काढताना

२०१२ मध्ये ‘फार क्राय ३’ आला तो सगळा केर काढूनच. मलेरिया गेला. गंज गेला. टॉवरवर चढा, नकाशा उघडतो. छावणी एकदा जिंकली की ती कायमची तुमची, आणि तिथे झटक्यात पोचताही येतं. गेम प्रचंड लोकप्रिय झाला आणि हाच साचा पुढे कितीतरी ओपन-वर्ल्ड गेमनी गिरवला. ‘फॉलआउट ४’नेही २०१५ मध्ये बंदुकांची झीज काढून टाकली. नाक्यांचा कंटाळा जायलाच हवा होता. पण त्याच सुपात निर्णय मागणारे खडेही पाखडले गेले, कारण तक्रारींच्या यादीत दोन्ही एकाखाली एक लिहिलेले असतात. हे मला ओळखीचं वाटतं. आमच्याकडेही तक्रार येते ती ‘त्रास होतो’ एवढीच. तो कसला त्रास आहे, हे वेगळं काढायला फारसा कुणाकडे वेळ नसतो.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २०१७ मध्ये निन्टेन्डोच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये तलवारी काही घावांत तुटू लागल्या, गवत पेटू लागलं आणि तेच भांडण नव्याने सुरू झालं. २०२३ च्या पुढच्या भागातही निन्टेन्डोने शस्त्रं तुटणं सोडलं नाही. उलट तुटकी शस्त्रं इतर वस्तूंना जोडून नवी बनवायची युक्ती दिली. युद्धाच्या झळा सोसत जीएससीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘स्टॉकर २’ आणला, त्यातही बंदुका अडकतातच. गेमच्या बाहेरही, नेटफ्लिक्सच्या इंजिनिअरांनी स्वतःचेच चालू सर्व्हर मुद्दाम बंद पाडणारा ‘केऑस मंकी’ बनवला आणि २०१२ मध्ये त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. लहान बिघाडांची सवय असेल, तर मोठ्या बिघाडात यंत्रणा टिकते, हा त्यामागचा विचार. हॉकिंगने हे खेळाडूंवर आधीच करून पाहिलं होतं.

तुम्हाला ‘फार क्राय २’ खेळून पाहायचा असेल, तर आज साध्या लॅपटॉपवरही तो चालतो. नाक्यांचा त्रास कमी करणारे मॉड चाहत्यांनी बनवलेत, ते बिनधास्त वापरा. फक्त एक करा: कॉम्प्युटरवर कधीही सेव्ह करता येतं, तरी लढाईच्या मधे करू नका. बंदूक अडकली, गवत पेटलं, नकाशा हातात असताना जीप मागे लागली, तर जुना सेव्ह उघडू नका. तशीच वेळ मारून न्या. दोन-तीन तासांनीही वैतागच येत असेल, तर खुशाल सोडून द्या. अशी माणसं २००८ मध्येही कमी नव्हती.