दृष्टिपटलाचा फोटो: डोक्याला बांधलेल्या कॅमेऱ्यापासून फोनपर्यंत

मधुमेह डोळ्यात शिरतो तेव्हा डोळा दुखत नाही, लाल होत नाही, बरेच दिवस अंधुकही दिसत नाही. दृष्टिपटलावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, झिरपतात, आणि तुम्हाला जाणवेपर्यंत पुष्कळ नुकसान झालेलं असतं. मग काही तक्रारच नसलेल्या माणसाचा डोळा आतून बघायचा कसा?

बघण्याची सोय झाली १८५१ साली, हेल्महोल्ट्झच्या ऑप्थाल्मोस्कोपमुळे. चार-पाच वर्षांतच व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगरने मधुमेही डोळ्यातले बदल नोंदवलेसुद्धा. पण डॉक्टरला दिसणं वेगळं आणि फोटो निघणं वेगळं. १८८६ मध्ये ब्रिस्टलच्या जॅकमन आणि वेबस्टर यांनी जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचा फोटो प्रसिद्ध केला, तेव्हा कॅमेरा त्या माणसाच्या डोक्याला बांधलेला होता आणि एक्स्पोजर होतं अडीच मिनिटांचं! (तेवढा वेळ नजर न हलवता बसून बघा जरा.) बाजारात मिळणारा फंडस कॅमेरा झाइस कंपनीने आणला तो थेट १९२६ मध्ये.

तरी खरी अडचण फोटोची नव्हतीच. रोग सापडला तर करायचं काय, याला फार काळ धड उत्तर नव्हतं. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवलं की लेसरने गंभीर दृष्टिनाश निम्म्याहून कमी होतो. माझ्या मते सरसकट तपासणीला अर्थ आला तो तिथून.

आता फोन. तुमच्या फोनचा फ्लॅश डोळ्यात मारून काही होत नाही बरं का! बाहुलीतून प्रकाश आत जाऊन त्याच वाटेने परत यावा लागतो, त्यासाठी वेगळी भिंगं लागतात. बंगळुरूच्या रेमिडिओ कंपनीच्या 'फंडस ऑन फोन'मध्ये ती जोडलेली असतात. फोन फक्त सेन्सर, पडदा आणि कॉम्प्युटरचं काम करतो.

हेच उपकरण मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत वापरून बघितलं गेलं. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. फोटो काढले ते असा कॅमेरा पूर्वी न हाताळलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याने, आणि निदान केलं फोनमधल्याच प्रोग्रामने, इंटरनेटशिवाय. २१३ जणांच्या फोटोंचं विश्लेषण झालं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवण्याजोगे सगळे रुग्ण प्रोग्रामने पकडले, म्हणजे संवेदनशीलता १०० टक्के. बातम्यांना आवडेल असाच आकडा. पण तसे रुग्ण होते जेमतेम १५. एवढ्या लहान संख्येत संख्याशास्त्र म्हणतं, खरा आकडा ७८ टक्क्यांपर्यंत खालीही असू शकतो. विशिष्टता ८८.४ टक्के, म्हणजे ज्यांना पाठवायची गरज नव्हती अशा दर १०० जणांपैकी ११-१२ जणांनाही मोठ्या दवाखान्याचा हेलपाटा. रोजंदारीवरच्या माणसाचा त्यात एक दिवसाचा पगार जातो.

'पुढे दाखवा' असं फोनने सांगितल्यावर खरंच पुढे जातं कोण, त्याबद्दल पुढच्या पोस्टमध्ये.